एक पाणी, अनेक मापे

जायकवाडी धरण भरले की त्याच्या जलाशयाचे, म्हणजे नाथसागराचे, पाणी जवळपास साडेतीनशे चौरस किलोमीटरवर पसरते. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते या धरणाची पायाभरणी झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी ते राष्ट्राला अर्पण केले. दहा किलोमीटर लांबीची मातीची भिंत, सत्तावीस दरवाजे आणि सुमारे १०२ टीएमसी साठवण, असे पाटबंधारे खाते नाथसागराचे वर्णन करील. छत्रपती संभाजीनगरच्या महापालिकेच्या लेखी तो पन्नासेक किलोमीटरवरून उपसून आणायचा पिण्याच्या पाण्याचा साठा आहे. वन खात्याच्या दप्तरी १९८६ पासून ते पक्षी अभयारण्य आहे. पैठणच्या कहार समाजासाठी तीच जाळे टाकायची जागा, म्हणजे रोजची भाकर. नाथषष्ठीला येणाऱ्या वारकऱ्याला ती गोदामाई आहे, आणि ज्यांची गावे बुडाली त्यांच्या पोटी ती आजही जुन्या घराची खूण आहे. अलीकडे या यादीत एका नव्या वर्णनाची भर पडली. या पाण्यावर तरंगते सौर पॅनेल बसवून हजार मेगावॉटहून अधिक वीज निर्माण करण्याचा प्रस्ताव पुढे आला. कहार समाजाच्या समितीने त्याला हरित न्यायाधिकरणात आव्हान दिले, तेथे यश आले नाही, आणि एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेपाला नकार दिला. प्रकल्पाला कायद्याची आडकाठी आहे का, एवढ्या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळाले. या पाण्याचा किती भाग झाकला तर बाष्पीभवन किती वाचेल, पॅनेलखालच्या अंधारात शेवाळाचे आणि माशांचे काय होईल, हिवाळी पाहुण्या पक्ष्यांना उतरायला कोणते काठ मोकळे ठेवावे लागतील, कहारांच्या होड्या कुठून जातील आणि शहराच्या नळाला येणाऱ्या पाण्याच्या गुणवत्तेत काही फरक पडेल का, हे सगळे प्रश्न एकत्र कोणी विचारायचे आणि कोणी सोडवायचे, हा खरा पेच तसाच उरला आहे.

विद्युत अभियंता यातला एक प्रश्न सोडवील, पक्षिशास्त्रज्ञ दुसरा, अर्थशास्त्रज्ञ तिसरा. पाणी मात्र एकच आहे. पर्यावरण विज्ञान आणि अभियांत्रिकी या दोन्हींत पाय रोवून पीएच.डी. करू पाहणारा विद्यार्थी नेमका या जागी येऊन उभा राहतो, आणि विद्यापीठात त्याला पहिला प्रश्न विचारला जातो तो असा: तुमचा विषय नक्की कोणता? प्रश्न वरवर प्रशासकीय दिसतो. गाईड कोण, अभ्यास मंडळ कोणते, प्रबंध कोणाकडे तपासायला पाठवायचा, असे तपशील त्याच्या पोटात आहेत. पण मुळाशी गेल्यास तो ज्ञानाच्या स्वरूपाविषयीचा आणि म्हणूनच तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे. एका वस्तूचा एक तुकडा पुरता ओळखणाऱ्याला त्या वस्तूचा जाणकार म्हणावे का? आणि नसेल म्हणायचे, तर सगळे ओळखण्याचा दावा करणाऱ्याला तरी काय म्हणावे?

आपल्याकडे हा प्रश्न विद्यापीठे निघण्याच्या फार आधी विचारला गेला आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात ज्ञानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. विभागलेल्या सर्वांत न विभागलेले एक तत्त्व पाहणारे ज्ञान सात्त्विक, प्रत्येक वस्तू सुटी आणि वेगळी पाहणारे राजस, आणि एकाच तुकड्याला तोच सगळा समजून त्याला चिकटून बसणारे तामस. नेवाशात प्रवरेच्या काठी ज्ञानेश्वरांनी याच अध्यायावर विस्ताराने भाष्य केले. नाथसागराचे फुगवट्याचे पाणी आज त्याच परिसरातल्या प्रवरासंगमापर्यंत जाते. या वर्गवारीतला एक बारकावा सहसा निसटतो. सुटे सुटे पाहण्याला गीता अज्ञान म्हणत नाही. ते ज्ञानच आहे, फक्त मधल्या पायरीवरचे. दोष तिसऱ्या प्रकारात सुरू होतो, जिथे तुकडा स्वतःला पूर्ण समजू लागतो. विद्यापीठातल्या विषयवार विभागांवर टीका करताना हा फरक ध्यानात ठेवायला हवा. विभाग असणे हा दोष नव्हे. रसायनशास्त्राच्या विभागाला पाणी म्हणजे निव्वळ रसायन वाटू लागले, तर तो दोष.

हाच फरक जैन तर्कशास्त्राने अधिक काटेकोरपणे मांडला, आणि त्यासाठी दूर जायला नको. वेरूळच्या लेण्यांतली तीस ते चौतीस क्रमांकांची लेणी जैनांची आहेत, आणि त्यांतल्या इंद्रसभेच्या अंगणात अखंड दगडात कोरलेला एक हत्ती उभा आहे. हत्ती आणि आंधळे ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो आणि तिचा अर्थ बहुधा चुकीचा लावतो: प्रत्येकाचे थोडे थोडे बरोबर असते, तेव्हा भांडू नये. जैन नैयायिकांचे म्हणणे याहून कठोर आहे. वस्तूला अनंत धर्म असतात, म्हणून तिच्याविषयी बोलताना कोणती तरी एक बाजू धरावीच लागते. अशा धरलेल्या बाजूला ते नय म्हणतात. नयाशिवाय बोलणेच शक्य नाही, काम करणे तर दूरच. पण एक नय इतर नयांना खोटे ठरवू लागला की तो दुर्नय होतो. सिद्धसेन दिवाकरांनी सन्मतितर्कात हा विचार मांडला आहे: आपापल्या क्षेत्रात प्रत्येक नय सत्य असतो, आणि दुसऱ्याचे खंडन करायला निघाला की तोच मिथ्या ठरतो. म्हणजे सत्य आणि असत्य यांच्यातली रेघ विधानाच्या आशयाइतकीच ते करणाऱ्याच्या वृत्तीतूनही जाते. म्हणूनच वस्तूच्या अनेक बाजू मानणाऱ्या या भूमिकेला, अनेकान्ताला, विचारातली अहिंसा म्हटले गेले. हाताने मारू नये तसे विधानानेही दुसऱ्याचे दिसणे मारू नये. पर्यावरणाच्या संशोधकाला इतके नेमके लागू पडणारे दुसरे तत्त्वज्ञान मला माहीत नाही.

कारण पर्यावरणशास्त्रातले प्रत्येक मोजमाप हा एक नय असतो. बीओडीचे उदाहरण घ्या. पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवायला सूक्ष्म जीवांना किती प्राणवायू लागेल, ते हा आकडा सांगतो. छत्रपती संभाजीनगरच्या खाम नदीत सांडपाणी किती मिसळले याचा अंदाज त्यावरून चांगला येतो. पण कारखान्यातून आलेले क्रोमियम त्यात दिसत नाही, कीटकनाशक दिसत नाही, आणि ते पाणी कोणत्या वस्तीच्या दारातून वाहते हेही दिसत नाही. आकडा खोटा नाही, फक्त त्याच्या हद्दीपुरता खरा आहे. आणखी एक गोष्ट मला या संदर्भात फार महत्त्वाची वाटते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाण्याचे जे वर्ग पाडले आहेत, त्यांतला ब वर्ग उघड्यावरच्या स्नानासाठी आहे: बीओडी लिटरला तीन मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, विरघळलेला प्राणवायू पाचपेक्षा कमी नको. नद्यांच्या शुद्धतेची चर्चा आपल्या देशात याच स्नानयोग्यतेच्या मापावर चालते. ते माप आले कुठून? ज्या देशात कोट्यवधी लोक नदीत उतरून अर्घ्य देतात, त्या देशाला नदीचा हा उपयोग वेगळा मोजावाच लागला. अभियंता ज्या आकड्याला निव्वळ तांत्रिक समजतो, त्याच्या पोटात लोकांचा आचारधर्म आधीपासून बसलेला आहे. विज्ञान इकडे आणि समाज तिकडे असे दोन ढीग करून काम करता येत नाही, याला याहून साधा पुरावा नको.

या शहराचा इतिहासही तेच सांगतो. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी या नावाने हे शहर वसवले तेव्हा इथे मोठी नदी नव्हती, म्हणून डोंगरउतारावरचे भूजल जमिनीखालच्या नहरींतून, केवळ उताराच्या जोरावर शहरात आणले गेले. पाण्याचा दाब आणि अडकलेली हवा यांसाठी वाटेत उभे केलेले बंबे आजही काही ठिकाणी दिसतात. त्याच परंपरेतली पाणचक्की तर एकाच आवारात किती गोष्टी जोडते ते पाहण्यासारखे आहे. मूळचे बुखाऱ्याकडचे नक्शबंदी सुफी बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा, विद्यार्थ्यांसाठी मदरसा, ग्रंथसंग्रह, आणि पडत्या पाण्यावर फिरणारे जाते. त्यावर दळलेल्या पिठातून फकिरांना आणि वाटसरूंना भाकर मिळे. जलअभियांत्रिकी, उपासना, अन्नदान आणि अध्ययन यांना तिथे वेगवेगळ्या खात्यांत जावे लागले नाही. यावरून पूर्वजांना सारे कळत होते असा निष्कर्ष मी काढणार नाही. त्या शहराची लोकसंख्या आजच्या तुलनेत किरकोळ होती, कारखाने नव्हते, आणि कोणाच्या घरी किती पाणी जावे हे ठरवताना सर्वांना समान हक्क होता असे कोणी म्हणू शकणार नाही. मुद्दा एवढाच की जोडून पाहणे ही परदेशातून आलेली नवी फॅशन नाही. नंतरच्या काळात नहरींच्या वाटेवर बांधकामे झाली, कारण घर बांधणाऱ्याला जमीन दिसली, जमिनीखालचे पाणी दिसले नाही. तोही एक दुर्नयच.

दुर्नयाची किंमत किती असते, ते या शहराने २०१८ मध्ये पाहिले. अनेक दशके शहराचा कचरा नारेगावला टाकला जात होता. महापालिकेच्या मापाने प्रश्न सुटलेला होता, कारण कचरा रोज शहराबाहेर जात होता. नारेगाव-मांडकीच्या लोकांच्या मापाने तो साठत होता: विहिरीत, हवेत, मुलांच्या छातीत. फेब्रुवारीत त्यांनी गाड्या अडवल्या आणि मग आठवड्यामागून आठवडे कचरा शहराच्या रस्त्यांवर पडून राहिला. मार्चमध्ये मिटमिट्याला कचरा टाकण्यावरून दगडफेक आणि जाळपोळीपर्यंत प्रकरण गेले. त्यानंतर ओला-सुका वेगळा करणे आणि वेगवेगळ्या भागांत प्रक्रिया केंद्रे उभारणे सुरू झाले. कचऱ्यातून झिरपणाऱ्या काळ्या पाण्याचे रसायन, भूगर्भातून ते जाण्याची वाट, वर्गीकरणाची यंत्रणा आणि एका गावाने दुसऱ्याची घाण का सोसावी हा न्यायाचा प्रश्न, यांतले एकही अंग वगळून तोडगा निघणार नव्हता. यातले पहिले दोन प्रश्न विज्ञानाचे, तिसरा अभियांत्रिकीचा आणि चौथा धर्माचा, म्हणजे नीतीचा. वास्तवात ते चारही एकाच ढिगाऱ्यात होते.

याच्या उलट उदाहरण पुरंदर तालुक्यातल्या नायगावचे आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे या अभियंत्याने तिथे पाणी पंचायतीचा प्रयोग केला. उपसा सिंचनाची योजना आखणे हे त्यांच्या शिक्षणातले काम होते. पण त्यांनी एक प्रश्न विचारला जो अभियांत्रिकीच्या पुस्तकात नव्हता: हे पाणी कोणाचे? उत्तर म्हणून पाणी जमिनीच्या मापाने न वाटता माणसांच्या मापाने वाटायचे ठरले. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे, कुटुंबाला कमाल अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा, आणि उसाला बंदी. ही बंदी पिकाच्या पाण्याच्या गरजेतून आलेली, म्हणजे कृषिशास्त्राची. माणशी वाटप हा समतेचा विचार. पंप आणि नळ यांचे गणित अभियंत्याचे. यातला कोणताही भाग काढून घेतला असता तर योजना नुसता एक पंप होऊन राहिली असती. हा धडा मराठवाड्यालाही लागू आहे. इथल्या बेसाल्ट खडकात पाणी फार खोल साठत नाही, वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत राहते. तेव्हा नाला किती खोल करायचा, विहिरी किती घ्यायच्या आणि कोणते पीक लावायचे, हे तीन निर्णय तीन कार्यालयांत होऊ लागले की पाणी तिन्ही कार्यालयांच्या मधून निसटते.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आणि सगळ्यांत जुना आक्षेप खोलीचा आहे. दोन दगडांवर पाय ठेवणारा कुठल्याच एका दगडावर नीट उभा राहत नाही, डॉक्टरेट म्हणजे एका बारीक प्रश्नात पार तळापर्यंत उतरणे, आणि आंतरशाखीय म्हणवणारे बरेच प्रबंध चार विषयांच्या प्रस्तावनांची गोळाबेरीज असतात. हा आक्षेप मला गंभीर वाटतो, आणि यातले शेवटचे वाक्य अनेकदा खरेही असते. शिवाय या शहरातल्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे त्यांचे उदाहरण आक्षेपकाच्याच बाजूने देता येईल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा कोलंबियातला प्रबंध ब्रिटिश भारतातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवर होता आणि लंडनचा रुपयाच्या प्रश्नावर. दोन्ही अर्थशास्त्रातले, दोन्ही विलक्षण नेमके. पण पुढे पाहा. १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर पाणी हा मानवी हक्काचा प्रश्न म्हणून उभा करणारा आणि १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना दामोदर खोऱ्यासारख्या बहुउद्देशीय नदीखोरे विकासाच्या धोरणाला आकार देणारा माणूस एकच होता. एकाच पाण्याचे हे दोन नय त्यांनी एका डोक्यात धरले, आणि एकाने दुसऱ्याला खोटे ठरवू दिले नाही. आक्षेपक म्हणेल, मग आंतरशाखीय पदवी कशाला, एका विषयात खोल गेलेला माणूस पुढे आपोआप रुंद होतो. माझे उत्तर असे की आंबेडकर आपोआप होत नसतात. संस्था असामान्यांसाठी उभ्या करायच्या नसतात, त्यांना संस्था लागत नाहीत. सामान्य बुद्धीच्या, कष्टाळू माणसालाही दुसऱ्या बाजूने पाहता यावे, याची सोय करणे हे संस्थेचे काम आहे.

खोलीच्या मागणीला मात्र मी सूट देणार नाही, उलट ती दुप्पट करीन. माझ्या मते अशा डॉक्टरेटची कसोटी किती विषय घेतले ही नसावी. दोन शास्त्रांत, दोनच पुरेत, विद्यार्थी इतका उतरलेला असावा की त्या प्रत्येकाची हद्द त्याला स्वतःच्या हातांनी चाचपता यावी. बीओडीची चाचणी ज्याने प्रयोगशाळेत स्वतः शंभर वेळा केली आहे, त्याला तिची हद्द पुस्तक वाचणाऱ्यापेक्षा जास्त ठाऊक असते. प्रवाहाचे गणिती प्रारूप ज्याने स्वतः मांडले आहे, त्याला माहीत असते की त्यात कोणती गोष्ट सोयीसाठी स्थिर धरली आहे. अशी हद्द एका शास्त्रात कळली तर माणूस चांगला तज्ज्ञ होतो. दोन शास्त्रांत कळली की त्याच्या लक्षात येते की प्रत्येक शास्त्राला हद्द असते, आणि पुढे ज्या तिसऱ्या-चौथ्या शास्त्राचे त्याला काही कळत नाही त्याच्यासमोरही तो ऐकण्याच्या तयारीने बसतो. नयाला दुर्नय होऊ न देणारी शिस्त ती हीच. माधव गाडगीळांनी १९६९ मध्ये हार्वर्डमधून डॉक्टरेट घेतली तेव्हा गणित आणि परिसरशास्त्र यांचा सांधा जुळवला होता. परत आल्यावर वा. द. वर्तकांसारख्या वनस्पतिशास्त्रज्ञाबरोबर त्यांनी सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला आणि लोकांची श्रद्धा जंगल कसे राखते हे शास्त्रीय नियतकालिकांतून मांडले. गणिताने त्यांना देवराईकडे तुच्छतेने पाहायला शिकवले नाही, कारण ते गणिताची हद्द जाणत होते.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे: एका माणसाने दोन शास्त्रे कशाला शिकायची, पाच तज्ज्ञांची समिती नेमा. समिती आपण नेमतोच. २००६ च्या अधिसूचनेनुसार होणारे पर्यावरणीय आघात मूल्यांकन हे असेच सामूहिक काम आहे. हवेचा तज्ज्ञ वेगळा, पाण्याचा वेगळा, जैवविविधतेचा आणि सामाजिक-आर्थिक बाजूचा वेगळा. अहवाल जाडजूड होतो, प्रकरणे शेजारी शेजारी बसतात. पण पाण्याच्या प्रकरणातल्या एका आकड्यामुळे सामाजिक प्रकरणातला निष्कर्ष बदलायला हवा होता, हे कोणाच्या लक्षात यावे? शेजारी शेजारी ठेवलेले नय आपोआप एकमेकांशी बोलत नाहीत. त्यासाठी कोणा एकाच्या मनात ते एकमेकांना भिडावे लागतात. संघ हवाच, पण संघात निदान एक असा हवा ज्याला दोन भाषा कळतात. १९८० मध्ये याच शहरात वाल्मी ही जल व भूमी व्यवस्थापन संस्था स्थापन झाली तेव्हा अभियंते, कृषितज्ज्ञ आणि समाजशास्त्राचे लोक एका छताखाली आणण्यामागे हीच समज होती: कालवा बांधून झाला म्हणजे सिंचन झाले असे नव्हे. नागपूरची नीरी १९५८ मध्ये सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची संस्था म्हणून सुरू झाली आणि १९७४ मध्ये तिचे नाव बदलून त्यात पर्यावरण हा शब्द आला. मुंबईच्या आयआयटीत १९८५ मध्ये पर्यावरण विज्ञान आणि अभियांत्रिकी यांचे संयुक्त केंद्र झाले. गरज चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच ओळखली गेली होती.

तिसरा आक्षेप तत्त्वज्ञानाच्या बाजूने येतो. प्रत्येक मत एका बाजूपुरते खरे असेल, तर कारखान्याचा मालकही म्हणेल की माझाही एक नय आहे, आणि सत्यासत्याचा निवाडाच अशक्य होईल. अनेकान्तावर हा आरोप शतकानुशतके होत आला आहे, आणि तो गैरसमजावर उभा आहे. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला दीड मिलिग्रॅमहून जास्त नको, हे भारतीय मानक आहे. त्याहून खूप जास्त फ्लोराइडचे पाणी वर्षानुवर्षे प्यायलेल्या माणसाची हाडे ताठरू शकतात, मग तो कोणत्याही बाजूने पाहो. नय म्हणजे मनाला येईल ते मत नव्हे. वस्तूच्या खऱ्या धर्माला धरून असलेले, तपासता येणारे विधानच नय ठरते. मालकाचा नफा ही खरी गोष्ट आहे आणि तिचा हिशेब व्हावा. पण त्या हिशेबाने नदीतले क्रोमियम नाहीसे होत नाही. नफ्याचा नय क्रोमियमच्या नयाला खोटे म्हणू लागला की तो दुर्नय झाला, आणि तसे स्पष्ट म्हणण्याचे बळ हेच तर्कशास्त्र देते. विज्ञानात धर्माची भाषा घुसडू नये, असेही कोणी म्हणेल. श्रद्धेला पुराव्याच्या जागी बसवू नये, हे मला पूर्ण मान्य आहे. पण कोणता पुरावा कशाचा पुरावा आहे आणि कशाचा नाही, हा विचार प्रयोगशाळेच्या उपकरणातून येत नाही, आणि तो ज्यांनी नीट केला त्यांच्याकडून घ्यायला संकोच का असावा? पैठणच्या एकनाथांची कथा लोकांना ठाऊक आहे. रामेश्वराला न्यायची गंगेची कावड त्यांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजली. ते तीर्थ नाही असे नाथ म्हणाले नाहीत. तीर्थाच्या मापाने तहानेचे माप खोडायला त्यांनी नकार दिला. याच नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या पोथ्या पडताळून शुद्ध प्रत सिद्ध केली. करुणा आणि पाठचिकित्सेची काटेकोर शिस्त एका माणसात नांदू शकतात, याचा हा आपल्या नदीकाठचा दाखला आहे, आणि ज्या जलाशयावरून वरची धरणे आणि खालची शेते भांडतात त्याला आपण त्यांचेच नाव दिले आहे.

चौथा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो, कारण तो विचाराचा नाही, माणसाचा आहे. मराठवाड्यातला आजचा संशोधक विद्यार्थी बहुधा शेतकऱ्याच्या किंवा मजुराच्या घरातला, घराण्यातला पहिला पदवीधर असतो. पीएच.डी. प्रवेशाची पेट परीक्षा देऊन, बार्टी, सारथी किंवा महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीवर, किंवा जेआरएफ मिळाली तर तिच्यावर तो पाच वर्षे काढतो. त्याला दोन शास्त्रांत उतरायला सांगायचे म्हणजे दुप्पट श्रम आणि दुप्पट काळ. शेवटी प्राध्यापकपदाच्या जाहिरातीत संबंधित विषयातील पदवी हे शब्द आले की विज्ञानवाले त्याला अभियंता समजून बाजूला काढणार आणि अभियांत्रिकीवाले वैज्ञानिक समजून. सत्याच्या शोधाचा भार सर्वांत दुबळ्या खांद्यावर टाकून वर त्याला साधना म्हणायचे, हे मला पटत नाही. या आक्षेपाला तात्त्विक उत्तर नाही. त्याचे उत्तर व्यवस्थेतच द्यावे लागेल, आणि ते देता येण्याजोगे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांनीच आंतरशाखीय विषयासाठी विभागाबाहेरचा सहमार्गदर्शक नेमण्याची मुभा दिली. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ ने तर चार विद्याशाखांपैकी एकीचे नावच आंतरविद्याशाखीय अभ्यास ठेवले. पण त्या शाखेत शिक्षणशास्त्र, ग्रंथालयशास्त्र, पत्रकारिता, शारीरिक शिक्षण असे विषय गोळा झाले. म्हणजे इतर तीन घरांत न मावलेल्यांना चौथ्या घरात जागा मिळाली, पण घरांमधल्या भिंतीत दार पडले नाही. नियम आहेत, नाव आहे. कमी आहे ती जोखीम वाटून घेण्याची तयारी.

म्हणून ज्यांच्या हाती निर्णय आहेत त्यांना सांगणे आहे. संशोधन व मान्यता समितीपुढे असा विषय आला, तर तो आमच्यात बसत नाही म्हणून परत पाठवू नका. दोन्ही विभागांतले एकेक गाईड द्या, आणि दोघांनाही त्या विद्यार्थ्याचे श्रेय मिळेल असे करा. प्रबंध तपासायला दोन्ही शास्त्रांतले परीक्षक नेमा आणि मुदतवाढ मागावी लागली तर ती आळस समजू नका. भरतीच्या जाहिरातीत पर्यावरण विज्ञान किंवा पर्यावरण अभियांत्रिकी असे दोन्ही शब्द लिहा. विद्यार्थ्यालाही एक विनंती आहे. दोनच शास्त्रे घ्या, पण त्यांत तळाला जा, आणि व्हायवाच्या दिवशी आपल्या मापाने काय दिसले नाही हे स्वतःहून सांगा. नाथसागरावर पॅनेल उभे राहतील किंवा राहणार नाहीत. पण त्यांच्याखालचे पाणी, त्यांच्यावरून उडणारे पक्षी आणि त्यांच्या कडेने जाणारी होडी या तिन्हींचा हिशेब एकत्र मांडणारा प्रबंध या शहरातून लिहिला गेला पाहिजे, आणि त्याचा विषय नोंदवायला लागणारे सगळे नियम आजच लागू आहेत.